ओढ्याचं दुसरं उत्तर

"मॅडम, जरा सरकता का?"

मागून आवाज आला आणि अर्पिता मेडिकलच्या काउंटरपासून बाजूला सरकली. कॉलेजात शिकवताना हा शब्द दिवसभर इतका ऐकू येई, की कानावर पडून तसाच निघून जाई. सरकून झाल्यावर तिने सहज मान वळवली, तर ते तातेकाका होते. तिच्या वडिलांचे पाठचे भाऊ. डोक्यावर टोपी, गळ्यात पंचा, हातात डॉक्टरची चिठ्ठी. त्यांनीही तिच्याकडं पाहिलं. चांगलं नीट पाहिलं, आणि मग त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावरून काचेच्या कपाटातल्या दुधाच्या डब्यांवर गेली आणि तिथंच थांबली. दुकानदाराने आतून एक लहानसं खोकं आणून दिलं. काकांनी ते दोन्ही हातांनी धरलं आणि शेजारचा जिना चढून ते वरच्या लहान मुलांच्या दवाखान्यात दिसेनासे झाले. "तुम्हाला काय देऊ, मॅडम?" दुकानदाराने विचारलं. तिला डोकेदुखीच्या गोळ्या हव्या होत्या. त्या न घेताच ती रस्त्यावर आली.

गांधी चमनकडं जाणाऱ्या रस्त्यावर उन्हाचा नुसता भडका होता. रिक्षावाले शिटावर पाय घेऊन पेंगत होते. ती चालत राहिली. काकांना मोतीबिंदू झाला असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. उन्हातून सावलीत आल्यावर माणसाला क्षणभर दिसत नाही, असंही सांगून पाहिलं. पण त्यांच्या नजरेत ओळख हलली होती, हे तिला स्वच्छ दिसलं होतं. डबक्यात खडा टाकल्यावर तळातला गाळ कसा हलतो, तशी ती हलली होती आणि लगेच बसली होती. काका तिला लहानपणापासून बाई म्हणत. ‘बाई, उतर खाली, फांदी कच्ची हाय.’ ‘बाई, दोन घास खाऊन जाय.’ वडील जालन्यात मास्तर, त्यामुळं ती वाढली जालन्यात. पण शाळेची सुट्टी लागली की कुंभार पिंपळगावपर्यंत एसटी आणि तिथून धोंडगव्हाणपर्यंत काकांची बैलगाडी, नंतरच्या वर्षांत मोटारसायकल. वडील गेल्यावर तिचं एम.टेक. अर्धवट राहतं की काय असं झालं होतं, तेव्हा घरी येऊन आईला समजावणारेही हेच. "शिकू द्या वहिनी. पाण्याचं शिकून राह्यली ती. आपल्याकडं त्याचंच तर काम पडन." तेव्हा ती मनात हसली होती. त्या शिक्षणाचं गावाला काय काम पडणार होतं?

पण पडलं. धोंडगव्हाणच्या वरच्या अंगाला माळावर मळीपासून मद्यार्क काढणारी एक डिस्टिलरी उभी राहिली, तिच्या मागं मळीच्या पाण्याचं काळं तळं झालं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत ओढ्याकाठच्या विहिरींच्या पाण्यात नायट्रेट निघालं. तपासणीचा कागद घेऊन गाव कलेक्टर ऑफिसला गेलं. कारखान्याचं म्हणणं होतं, तळं पक्कं आहे, हा गावाच्याच युरियाचा आणि उकिरड्यांचा प्रताप. मग एक समिती नेमली गेली, आणि समितीने अर्पिताच्या कॉलेजला विचारलं, की कॉम्प्युटरवर ओढ्याचं मॉडेल करून सांगा, कुणाचा वाटा किती. काम तिच्याकडं आलं. ते गाव माझं आहे, असं तिने विभागप्रमुखांना सांगितलं, पण चाचरत सांगितलं, आणि ते म्हणाले, "मूळ गाव कुणाला नसतं?" ती नको म्हणू शकली असती. तिला ते काम हवं होतं, हे ती आता उन्हात चालताना स्वतःपाशी कबूल करत होती. आपलं गाव आपल्या हाताखाली घ्यायची तिला असोशी होती.

आणि ते दिवस किती सुखाचे गेले! तिने माळ, उतार, ओढा, बंधारा, सगळं मशीनमध्ये उतरवलं. कुठं काळी जमीन, कुठं मुरूम, कुठं ऊस, कुठं कपाशी, कुणाचा उकिरडा कुठं. मग वरून पाऊस सोडायचा. खोटा पाऊस, पण आकडे खऱ्या पावसाचे. पडद्यावर निळ्या रेघा सुटायच्या, एकमेकींत मिसळायच्या, थोडं पाणी वाहून जायचं, थोडं मुरायचं, आणि मुरताना वाटेत जे असेल ते घेऊन विहिरींकडं निघायचं. ज्या बांधावरून ती लहानपणी पळाली होती तो बांध चौकोनांची एक ओळ झाला होता, आणि त्या ओळीकडं पाहताना तिच्या तळव्यांना ढेकळं टोचत. नमुने घ्यायला ती गावी जाई तेव्हा तातेकाका सगळीकडं बरोबर. बाटल्यांची पेटी तिला उचलू देत नसत. "इकून पाणी येतं," असं ते छातीठोक सांगत आणि ते बहुतेक चुकीचं असे. ती हसून यंत्र लावी आणि काका कौतुकाने मान हलवत. एकदा बंधाऱ्यावर बसून भाकरी खाताना ते म्हणाले होते, "तू हाईस ना आता, मंग झालं. आता बराबर निघन कुणाचं पाप हाय ते." त्या वेळेपर्यंत तिला कधी वाटलंच नव्हतं, की ती कुणाच्या बाजूची आहे.

मोतीबागेपाशी झाडाखाली एक बाक रिकामं होतं. ती बसली. समितीच्या पहिल्या बैठकीत कारखान्याचे वकील तिच्याशेजारीच बसले होते. गृहस्थ सभ्य, बोलणं गोड. चहाचा कप तिच्याकडं सरकवत त्यांनी हसून विचारलं होतं, "मॅडमचं गाव तेच ना?" सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या होत्या. आणि ती म्हणाली होती, "मूळचं. मी जालन्याचीच." हे खोटं नव्हतं. पण बोलताना तिच्या कानशिलांत जी उष्णता चढली ती पुढं कित्येक महिने उतरलीच नाही. घरी, वर्गात, मशीनपुढं बसल्यावर, ती मनात त्या वकिलांना उत्तरं देत राहिली. बघा, मी उकिरडे मोजले. बघा, काकांच्या उसाचा युरियासुद्धा मी कमी धरलेला नाही. जिथं शंका येई तिथं ती गावाच्या विरुद्ध बाजूचा आकडा घेई, आणि तसं केल्यावर तिला हलकं वाटे. याला ती तेव्हा सचोटी म्हणत होती.

मग आकडे जुळू लागले. मॉडेल हजारो वेळा चालवायचं, दर वेळी जमिनीचे, दगडाचे गुण थोडे थोडे बदलायचे, आणि मशीनमधला ओढा खऱ्या ओढ्यासारखा वागतो का ते पाहायचं. हे काम आयुषी करी. आयुषी तिच्याच विभागातली तरुण प्राध्यापिका, घराणं सदर बाजारात पिढ्यान्पिढ्या बियाण्यांच्या व्यापारातलं. एका संध्याकाळी आयुषीने तिला बोलावून पडद्यावर दोन नकाशे शेजारी शेजारी लावले. पहिल्यात पाणी काळ्या जमिनीतून सावकाश उतरत होतं, तळं फारसं पाझरत नव्हतं, आणि विहिरींतलं बहुतेक नायट्रेट शेतांचं आणि उकिरड्यांचं होतं. दुसऱ्यात खालच्या काळ्या दगडाला भेगा होत्या, तळ्याचं पाणी त्या भेगांतून झपाट्याने खाली येत होतं, आणि जवळजवळ निम्मा वाटा कारखान्याचा होता. विहिरींत मोजलेले आकडे दोन्हींत सारखेच येत होते. ओढ्याचा पूर दोन्हींत सारखाच चढत आणि उतरत होता.

"मॅडम, दोनो बराबर है," आयुषी म्हणाली. गडबडली की ती घरच्या भाषेत जाई. मग मराठीत म्हणाली, "आपण दोन्ही द्यायची ना?"

"पहिलं जास्त जुळतंय," अर्पिता म्हणाली.

"किती जास्त? एवढा फरक तर मोजण्याच्या चुकीतच जातो."

"जास्त ते जास्त. दोन उत्तरं दिली तर समिती म्हणेल यांना काही कळत नाही. आणि वकील म्हणतील दुसरं उत्तर मॅडमनी गावासाठी काढलं."

आयुषीने दुसरा नकाशा बंद केला. तो बंद होताना पडद्यावर जी रिकामी करडी जागा राहिली, ती अर्पिताला आत्ता बाकावर बसून जशीच्या तशी दिसत होती. बाजूच्या झाडावर कावळा चोच उघडी टाकून बसला होता.

सुनावणीला काका आले होते, मागच्या रांगेत. पडद्यावर तिचा एकच नकाशा. ती इतकं स्पष्ट बोलली की समितीच्या अध्यक्षांनी नंतर मुद्दाम कौतुक केलं. कारखाना सुटला. गावाने खत कमी वापरावं, उकिरडे विहिरींपासून लांब न्यावेत, असं ठरलं. बाहेरच्या पायऱ्यांवर गावची माणसं तिच्याकडं न पाहता उतरून गेली. काका थांबले. ते चिडले असते तर तिला सोसलं असतं. ते फक्त म्हणाले, "म्हंजी आम्हीच व्हय, बाई?" आणि ती म्हणाली, "बहुतेक तसंच आहे, काका." त्या बहुतेकमध्ये तिने सगळा दुसरा नकाशा कोंबला होता. काकांना तो कसा दिसणार?

पुढचं तिला काकूंच्या फोनवरून कळत गेलं. सगळ्या गावात एकट्या तातेरावांनी तिचं म्हणणं खरं मानलं. उसाला युरिया घालायचं सोडलं. ऊस पिवळा पडला, तरी घातला नाही. दारामागचा उकिरडा स्वतः उपसून पार शिवेवर नेला. पाराजवळ लोक म्हणाले, पुतणी फितली. तर ते भांडायला उठले. "आमची अर्पी खोटं सांगायची न्हाई. बिलकुल न्हाई." काकू हे हसत हसत सांगत होत्या. त्यानंतर अर्पिताने गावी जाणं सोडलं. आधी परीक्षा होत्या, मग पेपर तपासायचे होते, मग नुसतीच सवय झाली.

दवाखान्यात कोण असेल? हा प्रश्न इतका वेळ तिच्या मनात का आला नाही, याची तिला आता भीती वाटली. काका आपल्याला बाई सोडून मॅडम म्हणाले, यातच ती अडकून पडली होती. दुधाचे डबे. लहान मुलांचा दवाखाना. काकांच्या मुलाला, बबलूला, संक्रांतीनंतर मुलगी झाल्याचं तिला कळलं होतं; तिने मोबाइलवर दोन हात जोडलेलं चित्र पाठवलं होतं. ती उठली आणि आल्या वाटेने जवळजवळ पळत निघाली.

वरच्या मजल्यावर औषधाचा आणि दुधाचा आंबूस वास कोंदला होता. चतुराकाकू भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. तिला पाहून त्या उठू लागल्या आणि अर्ध्यातच परत बसल्या.

"कुणी सांगितलं तुला?"

"काका दिसले खाली. काय झालं, काकू?"

"पोरगी निळी पडली बबलूची. व्हट निळे, नखं निळी. घनसावंगीत दाखिवलं, तिथला डॉक्टर म्हणला जल्दी जालन्याला घिऊन जा. आता बरी हाय. इंजेक्शन देल्यावर रंग आला तिला. आत निजलीय आईपाशी." काकूंनी पदराने तोंड पुसलं. "सुनंला दूध पुरंना, म्हणून वरचं पावडरचं चालू केल्तं. गावातलं फिल्टर बंद पडलंय. मंग हिरीचं पाणी घेतलं. पण मी तसं न्हाई देलं बाई. उकळून उकळून देलं. जितकं उकळता येईन तितकं."

अर्पिता त्यांच्याशेजारी फरशीवर बसली. तान्ह्या मुलाला निळं पाडतं ते नायट्रेटच. उकळल्याने पाणी उडून जातं आणि नायट्रेट मागं राहतं, दाट होतं. हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही माहीत असतं. तिच्या अहवालात पानंच्या पानं होती; उतारांची, मातीची, पावसाची. हे पाणी तान्ह्या मुलाला उकळूनसुद्धा देऊ नका, एवढं एक वाक्य त्यात कुठंही नव्हतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि फोनवर काकू उकिरड्याचं सांगून हसत होत्या, तेव्हाही तिला ते सुचलं नव्हतं.

"काका माझ्याशी बोलले नाहीत," ती म्हणाली. हे आत्ता बोलायचं नव्हतं, पण तेच तोंडातून गेलं.

"वळखलं त्यांनी तुला. वर आले आन म्हणले, अर्पी हाय खाली, मला तोंड दाखवू वाटंना तिला." काकू तिच्याकडं सरळ पाहत होत्या. "म्हणले, पोरीनं कमिटीपुढं सांगितलं व्हतं की पाणी तुम्हीच नासवलं. तरी आपुन तेच पाणी आपल्या लेकराला पाजलं. आता कोणत्या तोंडानं बोलू तिला? पोरगी निळी पडल्यापासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण न्हाई."

इतका वेळ अर्पिता काकांच्या रागाला घाबरत होती. मनातून तो राग तिला हवाही होता. आणि तिच्या वाट्याचं ओझं खालच्या मानेने ते वाहत होते. ती उठली. व्हरांड्याच्या टोकाला खिडकीपाशी काका पाठमोरे उभे होते. त्यांची मान मागून किती बारीक झाली होती!

"काका."

ते वळले. डोळे तांबारलेले. "चुकलं बाई आमचं," ते म्हणाले. "तू सांगितल्तं."

"काका, माझं ऐका. मी सगळं सांगितलं नव्हतं. मशीनने दोन उत्तरं दिली होती. एकात बरंचसं तुमचं होतं. दुसऱ्यात निम्मं कारखान्याचं होतं. दोन्ही सारखीच खरी वाटत होती. मी एकच पुढं ठेवलं."

काका तिच्या ओठांकडं पाहत राहिले, जणू ती दुसऱ्या मुलखाची भाषा बोलत होती. "मंग खरं कोणतं?"

"ते अजून ठरत नाही. मळीच्या तळ्याखालचा दगड तपासला तर ठरेल. तो कुणी तपासला नाही. मीही मागितलं नाही."

"ठरत न्हाई. मंग हेच त्या दिशी का न्हाई सांगितलं?"

तिने उत्तराची जुळवाजुळव केली. समिती, वकील, आकड्यांतला फरक. मग ते सगळं सोडून दिलं. "भ्याले, काका. लोक म्हणतील हिने गावाची बाजू घेतली, म्हणून भ्याले."

आत कुणाचं तरी मूल रडू लागलं आणि थांबलं. काकांचा हात खिडकीच्या गजावर होता आणि अंगठा गजावरचा गंज खरवडत होता.

"आमची बाजू घ्यायची तुला येवढी लाज वाटली व्हय?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मी तुझ्यापायी गावाशी भांडलो. रखमाजीशी बोलणं सोडलं मी. लहानपणापासूनचा जोडीदार माझा." मग ते तिच्या बाजूने निघून गेले, आत, नातीपाशी, आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने समितीला कळवलं, की आपला अहवाल अपुरा आहे, आणि दुसरा नकाशा सोबत जोडला. ती सही करत असताना आयुषीने विचारलं, "माझंही नाव टाकू का खाली?" अर्पिता नको म्हणाली. आयुषीने तरी टाकलं. अध्यक्षांचा फोन आला तो तापलेलाच होता. इतके दिवस झोपला होतात का, असं त्यांनी विचारलं. विभागप्रमुखांनी तिच्याकडून खुलासा मागवला आणि बाहेरची सगळी कामं काढून घेतली. स्थानिक पेपरात बातमी आली, तीत ती गावाच्या दबावाला बळी पडली असं होतं. जे होऊ नये म्हणून तिने सगळं केलं होतं तेच अखेर छापून आलं, आणि वाचताना तिला नवल वाटलं, की त्याने तिला फारसं काही झालं नाही. त्रास दुसऱ्याच गोष्टीचा होत राहिला. वर्गात फळ्यावर लिहिताना मध्येच तिला ती निळी नखं दिसत. तिने ती पाहिली नव्हती. ती गेली तेव्हा मूल गुलाबी झालं होतं. तरी दिसत.

तिने काकूंना फोन करून उकळल्याने हे पाणी आणखी वाईट होतं, हे सांगितलं. मग काकू म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला. आयुषीच्या ओळखीने गावात दुसरं फिल्टर बसलं. त्या दिवशी अर्पिता गावी गेली, घरोघर बायांना तेच सांगत फिरली. कुणी बसायला पोतं टाकलं, कुणी नुसतं दारातून ऐकून घेतलं. रखमाजींनी अंगणातून हात केला, पण तो ये म्हणून होता की जा म्हणून, हे तिला कळलं नाही. तातेकाका शेतात गेले होते. संध्याकाळपर्यंत आले नाहीत.

फेरसुनावणी पावसाळा संपता संपता झाली. ती साक्षीदाराच्या खुर्चीत बसली आणि विचारलेल्या बहुतेक प्रश्नांना ‘सांगता येत नाही’ म्हणाली. लोक हसले. वकिलांनी तिला तिच्या पहिल्या अहवालातली वाक्यं वाचून दाखवली; स्वतःचा तो ठाम स्वर ऐकताना तिला मान खाली घालावीशी वाटली, पण तिने घातली नाही. दुपारी निकाल मिळाला. नवा अभ्यास दुसऱ्या संस्थेकडून व्हावा, तळ्याखालचा दगड खोदून तपासावा, आणि तोवर कारखान्याने तळ्यात नवं पाणी सोडू नये. कुणी जिंकलं नव्हतं. गावची माणसं आपापसांत बोलत व्हरांड्यातून पांगली. ती एका खांबापाशी एकटीच उभी राहिली. घसा कोरडा पडला होता.

व्हरांड्याच्या कोपऱ्यात पाण्याचं यंत्र होतं. तातेकाका तिथं साखळीने बांधलेला स्टीलचा पेला भरत होते. साखळी लांब होती. त्यांनी पेला तोंडाशी नेला, थांबले, आणि मान वळवून तिच्याकडं पाहिलं. त्या दवाखान्यानंतर पहिल्यांदाच.

"हे चांगलं हाय का?" त्यांनी विचारलं.

ती जवळ गेली. पेल्यातलं पाणी स्वच्छ होतं. नायट्रेटचं पाणीही असंच स्वच्छ दिसतं.

"माहीत नाही, काका," ती म्हणाली. "तपासल्याशिवाय नाही सांगता येत."

काकांनी थोडा वेळ पेल्यात पाहिलं. मग ते अर्धा पेला प्यायले, पंच्याने कड पुसली, आणि उरलेला साखळी ताणून तिच्यापुढं धरला.